टीव्हीवरचं विज्ञान, शाळेतलं विज्ञान आणि सातवीतला मुलगा

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सातवीत आहे, भांडुपला मराठी शाळेत जातो. घरच्या स्मार्ट टीव्हीवर रोज तास-दीड तास विज्ञानाचे कार्यक्रम बघतो. कृष्णविवरं, डायनासोर, ज्वालामुखी, रॉकेट, सगळं घडाघडा सांगतो. घटक चाचणीत मात्र विज्ञानात वीसपैकी नऊ. वडील म्हणतात, शाळेत शिकवतातच काय, टीव्हीच बरा शिकवतोय, वेळ पडली तर शाळा सोडून घरूनच दहावीला बसवू. आईला वाटतं, टीव्ही बंद करावा आणि क्लास लावावा. यात बरोबर कोण?

मी मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो, फक्त टीव्हीच्या जागी कधी यूट्यूब असतं, कधी एखादं ॲप.

ताई, आधी त्या नऊ गुणांचं बघू. उत्तरपत्रिका घरी आली असेल तर ती घेऊन बसा आणि गुण नेमके कुठे गेलेत ते पाहा. माझा अंदाज असा की ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ आणि आकृती, या तीन ठिकाणी गेले असतील. ‘योग्य पर्याय निवडा’मध्ये जवळजवळ पूर्ण मिळाले असतील. खूप बघणाऱ्या मुलांच्या पेपरांत हे सारखं दिसतं. उत्तर समोर आलं की ओळखता येतं, कोऱ्या कागदावर मांडता येत नाही. पण मला गुणांपेक्षा तुमच्या प्रश्नातली वेगळीच गोष्ट खटकली. मुलगा काय काय सांगतो याची मोठी यादी तुम्ही दिलीत. तो काय विचारतो, हे त्यात एकदाही आलेलं नाही.

तुम्हा दोघांचा वाद ‘समजावून कोण चांगलं सांगतं’ यावर चाललाय. तिथे टीव्हीच जिंकणार. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि हातात खडू घेऊन कुठली बाई ज्वालामुखीच्या पोटात कॅमेरा नेणार? पण समजावून सांगणं हा विज्ञान शिकण्यातला लहानसा भाग आहे. मोठा भाग म्हणजे मुलाने आधी स्वतःचा अंदाज बांधायचा, तो मोठ्याने बोलायचा, मग खरं काय होतं ते बघायचं आणि अंदाज चुकला तर का चुकला याच्या मागे लागायचं. टीव्ही हे करून घेत नाही, कारण तो मुलासाठी थांबत नाही. शाळा करून घेऊ शकते, पण पुष्कळदा घेत नाही. म्हणून तुमच्या वादात मी कुणाच्याच बाजूने नाही.

टीव्हीला मी कमी लेखते असं समजू नका. टीव्हीवरून विज्ञान शिकवण्याचा आपल्याकडचा इतिहास चांगला भरभक्कम आहे. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोचवले. त्यातले मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार व्हायचे. त्या कामाच्या केंद्रस्थानी भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल होते, तेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून गेलेले. पुढे १९८४ मध्ये यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरदर्शनवरचा कार्यक्रम आला, त्याच सुमारास पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ लागायचं, ते आपल्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. त्यात यशपाल प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. तिथे सुरुवात व्हायची ती कुणाच्या तरी घरून आलेल्या प्रश्नाने, आणि मला वाटतं त्याचा प्रभाव इतका टिकला तो यामुळेच. हल्लीच्या झगमगीत कार्यक्रमांत प्रश्नही तेच ठरवतात आणि उत्तरही चार सेकंदांत तेच देऊन टाकतात.

लॉकडाउनमध्ये तर हा प्रयोग घरोघरी झाला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिचा भर व्याख्यानावर नव्हता, घरातल्या वस्तू घेऊन काहीतरी करून बघण्यावर होता. शाळा उघडल्यावर माझ्या ओळखीच्या शिक्षकांना एक फरक ठळकपणे दिसला. ज्या मुलांजवळ आजी, ताई, कुणीतरी बसून ‘चल, आपण करून बघू’ म्हणालं होतं, त्यांना गोष्टी आठवत होत्या. नुसतं बघणाऱ्यांना मालिकेतली पात्रं आठवत होती. कार्यक्रम दोघांनी तोच पाहिला होता.

यावर एक अभ्यासही सांगते. डेरेक म्युलर, आज यूट्यूबवर त्यांचे विज्ञानाचे व्हिडिओ जगभर बघितले जातात, त्यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी हेच तपासलं. न्यूटनच्या नियमांवर काही विद्यार्थ्यांना सरळ, सुबक समजावणारा व्हिडिओ दाखवला. काहींना असा व्हिडिओ दाखवला की त्यात एक जण विद्यार्थ्यांच्या मनात नेहमी असतात तीच चुकीची उत्तरं देतो आणि दुसरा त्याला आडवा घेतो. सुबक व्हिडिओ बघणारे म्हणाले, छान, सोपं, स्पष्ट होतं. परीक्षेत ते जवळपास आधी होते तिथेच राहिले. दुसरा गट म्हणाला, गोंधळ उडाला. गुण वाढले ते त्यांचे. सुबक व्हिडिओत मुलाला आपली जुनी चुकीची समजूतच ऐकू येते, आणि ‘हे तर मला माहीतच होतं’ असं वाटून तो पुढे जातो. तुमच्या मुलाची घडाघड मला त्या जातीची वाटते. खात्री करायची असेल तर त्याला विचारा, चेंडू सरळ वर फेकला आणि हातातून सुटला, वर जात असताना त्याच्यावर कुठलं बल लागतंय? ‘वर ढकलणारं बल’ असं उत्तर आलं तर रॉकेटचे शंभर व्हिडिओ बघूनही न्यूटन घरात आलेला नाही. (हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर बल एकच, गुरुत्वाकर्षणाचं, तेही खाली. हा प्रश्न वडिलांनाही विचारायला हरकत नाही.)

आता शाळेकडे वळू. वडिलांच्या तक्रारीत तथ्य आहे, ते मी झाकणार नाही. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप, प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतलेली, अंतर्गत गुण सरसकट वाटलेले, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि २० गुण अंतर्गत. त्या २० गुणांसाठी मुलांनी हाताने काय केलं, हे विचारायला गेलं तर अनेक शाळांत अवघड शांतता पसरेल.

तरीही शाळेत एक गोष्ट घडते ती पडद्यावर घडत नाही. कांद्याच्या पापुद्र्याचंच घ्या. टीव्हीवर पेशी दिसतात त्या रंगीत, रेखीव, नावासकट. शाळेतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा डोळा लावणारं मूल आनंदाने ओरडतं, ‘दिसली पेशी!’ आणि वहीत काळ्या जाड कडेचं एक वाटोळं गोल काढतं. तो हवेचा बुडबुडा असतो. दरवर्षी, प्रत्येक वर्गात. मग बाई म्हणतात, काच जरा हलव, दुसरीकडे बघ, शेजारच्याने काय काढलंय ते बघ. शेजाऱ्याने विटांसारखे चौकोन काढलेले असतात. दोघांत वाद होतो. पुन्हा पापुद्रा काढायचा, या वेळी काच तिरकी टेकवून अलगद सोडायची, म्हणजे हवा अडकत नाही. या पंधरा मिनिटांत मूल जे शिकतं ते कुठल्याही माहितीपटात नाही, कारण माहितीपट बनवणाऱ्याने बुडबुडा केव्हाच कापून टाकलेला असतो. डोळ्यांना जे दिसलं ते खरंच तेच आहे का, ही शंका घ्यायला मूल तिथे शिकतं. त्यासाठी बिघडलेली स्लाइड लागते, शेजारी वाद घालणारा मुलगा लागतो आणि ‘पुन्हा कर’ म्हणणारं कुणीतरी लागतं.

तुमच्या मुलाच्या शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर निघतो का, हे मला इथून कळणार नाही. निघत नसेल तर क्लासची चौकशी करण्याआधी शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंना तेवढंच नम्रपणे विचारा. दोन-चार पालकांनी विचारलं तर कपाटं उघडतात, हा माझा अनुभव आहे.

घरी काय करता येईल हे घरावर अवलंबून आहे. एका खोलीत पाच माणसं आणि टीव्हीवर सातला आजीची मालिका असेल तर वेगळा हिशोब. आई-बाबा दोघंही साडेआठला घरी पोचत असतील तर आणखी वेगळा. मी रोजचं काही सांगत नाही. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं कुणीतरी मोठ्याने त्याच्या शेजारी बसायचं आणि रिमोट स्वतःच्या हातात ठेवायचा. निवेदकाने प्रश्न टाकला की थांबवायचं. ‘तुला काय वाटतं? आणि का वाटतं?’ उत्तर वहीत एका ओळीत लिहून घ्यायचं, मगच पुढे चालू करायचं. मोठ्याला विज्ञान येत नसलं तरी चालतं. किंबहुना ज्या आजीला खरंच उत्तर माहीत नसतं ती या कामाला विज्ञानाच्या पदवीधर बाबांपेक्षा बरी, कारण बाबांना मध्येच सांगून टाकायची घाई असते.

टीव्ही बंद केल्यावर करायचं एक उदाहरण. ग्लासात बर्फाचा मोठा तुकडा तरंगत ठेवा आणि ग्लास काठोकाठ पाण्याने भरा. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? सगळ्यांनी आपापलं उत्तर लिहायचं. घरातले निम्मे ‘सांडेल’ म्हणतात. सांडत नाही, कारण तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळला की तेवढंच पाणी होतो. इथे मुलाने लगेच विचारायला हवं, मग ध्रुवांवरचा बर्फ वितळून समुद्र वाढतो असं टीव्हीवर का म्हणतात? त्याने विचारलं तर समजा गाडी रुळावर आली. (जमिनीवर साठलेला बर्फ, म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा, वितळून समुद्रात येतो तेव्हा पातळी वाढते. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा वाटा त्यात नगण्य. समुद्राचं पाणी तापून फुगतं, ते आणखी वेगळं कारण.)

दुसरं हळदीचं. हळदीचं पाणी साबणाने लाल होतं, हे त्याने पाहिलेलं असणार. त्याला लिंबाचा रस घालायला सांगा. काहीच होत नाही, पिवळं ते पिवळंच. मग साधं पाणी आणि लिंबाचा रस यांतला फरक हळद सांगते का? नाही सांगत. मग सांगेल असं काय आहे? जास्वंदीच्या फुलाचा रस करून बघा, आम्लात गडद गुलाबी आणि साबणात हिरवट. कार्यक्रमांत फक्त रंग बदलणारी बाजू दाखवतात. काही न घडणं हेही निरीक्षणच आहे, ते कॅमेऱ्याला आवडत नाही एवढंच.

पण मुंबईत राहणाऱ्या मुलासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला विषय भरती-ओहोटी. त्याला पैसे लागत नाहीत, उपकरण लागत नाही. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर मुंबईच्या भरतीच्या वेळा आणि उंची मिळते. महिनाभर रोज वहीत उतरवायची, शेजारी तिथी लिहायची. काय दिसेल ते मी सांगून टाकायला नको खरं तर, पण तुम्हाला हाताशी असावं म्हणून लिहिते. लागोपाठच्या दोन भरत्यांत बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा एक-दोन दिवस उशिराने, उंची सगळ्यात जास्त असते, ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ती कमी असते, ती भांगाची. आणि एक गंमत मुलाच्या लक्षात येईल का बघा. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या पुढेमागेच येते, महिना कुठलाही असो. पावसाळ्यात महापालिकेचा साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा येतो तो बहुतेक वेळा दुपारचा असतो, त्याचं कारण हेच.

कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुलाला हा नियम द्या आणि वर्तमानपत्राच्या आकड्यांशी ताडून बघायला सांगा. किती मिनिटांनी चुकतो? रोज सारखाच चुकतो की काही तिथींना जास्त? पाऊणपट म्हणजे दिवसाला ४५ मिनिटं, प्रत्यक्षात सरकते सुमारे ५०, मग पंधरवड्याच्या शेवटी फरक किती साठायला हवा? तेवढा साठतो का? हे सातवीच्या गणितात बसतं. या टप्प्यावर त्याला टीव्हीवरचं चंद्राच्या ओढीचं ॲनिमेशन दाखवा. तेव्हा ते त्याच्या पोटात उतरेल, कारण दोन आठवडे तो ‘चंद्र दिवसातून एकदाच डोक्यावर येतो, मग भरती दोनदा का?’ हा प्रश्न घेऊन हिंडलेला असेल. शक्य झालं तर थंडीत ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला न्या, तिथल्या बोटी भरतीची वेळ बघूनच सुटतात.

ऋतूंचंही तसंच. परदेशी माहितीपटांत चार ऋतू असतात, पानगळ असते, बर्फ असतो. मूल ते पाठ करतं आणि खिडकीबाहेर बघत नाही. त्याला विचारा, उन्हाळा का होतो? ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ असं म्हणाला तर सांगा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी. मग तो म्हणेल, पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून. बरोबर, पण तिथे सोडू नका. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, १५ मेच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात त्या दिवशी दुपारी बारा पस्तीसच्या आसपास गच्चीवर उभी केलेली बाटली आपल्या बुडातच सावली लपवते. सूर्य जुलैतही तितकाच डोक्यावर असतो, मग मे आणि जुलैचा उकाडा वेगळा का? ढग, पाऊस, वारा सगळं आलं यात. आणि बारा वाजता न होता बारा पस्तीसला का, हा आणखी एक धागा, तो भारतीय प्रमाणवेळेपर्यंत जातो.

शाळा सोडण्याबद्दल. नियमाने वाट आहे. राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही (एनआयओएस) पर्याय आहे. मुलाचा खेळ, आजारपण किंवा शाळेतला छळ अशी कारणं असतील तर मी त्या वाटेला नाही म्हणणार नाही. पण ‘टीव्ही चांगला समजावतो’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. घरून शिकवायचं तर रोज कुणीतरी प्रश्न विचारणारं, वही तपासणारं, ‘पुन्हा कर’ म्हणणारं माणूस घरात हवं, आणि तुमच्या लिहिण्यावरून दोघंही नोकरीला आहात. मग तो मुलगा आणि टीव्ही एवढेच उरतील.

क्लास मी सध्या लावणार नाही. बहुतेक क्लासांत तिसऱ्यांदा तेच समजावलं जातं, आणि याला समजावण्याची कमतरता नाहीच. याला लिहिण्याची सवय हवी. आठवड्याला दोन ‘कारणे लिहा’ पुरेत, पण कारणाची साखळी पूर्ण हवी. उदाहरणार्थ, उंच डोंगरावर उघड्या भांड्यात भात शिजायला वेळ का लागतो? टीव्ही बघणारा मुलगा लिहितो, ‘हवेचा दाब कमी असतो म्हणून.’ दोनपैकी एक गुण. मधला दुवा गायब आहे. दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांच्या खालीच उकळतं, उकळत्या पाण्याचं तापमान त्याच्या वर जात नाही, म्हणून तांदळाला उष्णता कमी मिळते आणि वेळ लागतो. लिहून झालं की त्याला कुकरबद्दल उलटं लिहायला सांगा. मूळ गोष्ट समजली असेल तर ते त्याचं त्याला जमेल. दिवाळीच्या आधीच्या सत्र परीक्षेपर्यंत हे करा, आणि तेव्हाची उत्तरपत्रिका आताच्या शेजारी ठेवून फक्त ‘कारणे लिहा’चे गुण ताडून बघा. तिथे काहीच हललं नसेल तर क्लासचं पुन्हा बोलू.